आधी नंबर, मग कॅटलॉग

औद्योगिक प्रदर्शनांतल्या स्टॉलवर हल्ली छापील कॅटलॉगची थप्पी दिसेनाशी झाली आहे. तिच्या जागी काउंटरवर एक क्यूआर कोड असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'स्कॅन करा, माहितीपत्रक डाउनलोड करा'. स्कॅन केलं की माहितीपत्रक मात्र येत नाही. येतो फॉर्म. नाव, आडनाव, कंपनी, हुद्दा, मोबाइल, ईमेल, कंपनीची उलाढाल, 'खरेदी किती महिन्यांत करणार', आणि तळाशी बारीक अक्षरांतल्या मजकुराशेजारी एक चौकोन, बऱ्याचदा आधीच टिक केलेला. मग ओटीपी. एवढं पार पडलं तर चार पानांची पीडीएफ हाती लागते आणि तिच्यातलं निम्मंअधिक तर स्टॉलच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच असतं.

ही पद्धत बंद व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा लोकांना त्रास होतो हे तर खरंच. पण ज्या कामासाठी ती राबवली जाते ते कामही तिच्याने होत नाही. माहितीपत्रक, तांत्रिक तपशील, मापांचं ड्रॉइंग, वापरपुस्तिका या गोष्टी प्रदर्शनात कुणालाही, नाव न विचारता मिळाल्या पाहिजेत. संपर्क मागायचा तो ज्याला उत्तर हवं आहे त्याच्याकडून, आणि त्या उत्तरापुरताच.

संपर्क मागण्यात मुळात गैर काही नाही, हे आधी मान्य करू. व्यापारी प्रदर्शन त्यावरच उभं आहे. जुन्या जत्रांमध्ये माल गाड्या भरभरून यायचा आणि तिथल्या तिथे विकला जायचा. घेणारा कोण, कुठला, हे लिहून ठेवायची गरज नसे. पुढे रेल्वे आली, कारखान्यांतून एकसारखा माल निघू लागला, आणि सगळा माल वाहून नेण्यात अर्थ उरला नाही. जर्मनीतल्या लाइपझिगने १८९५ मध्ये नमुन्यांची जत्रा भरवली. नमुना बघा, ऑर्डर नोंदवा, माल मागाहून येईल. आजची औद्योगिक प्रदर्शनं याच घराण्यातली. तिथे विक्री पूर्ण होत नाही, सुरू होते. आणि सुरू झालेलं काम पुढे न्यायचं तर समोरच्याचा पत्ता लागतोच.

पण तो पत्ता मिळायचा कसा, हे आठवून पाहा. व्हिजिटिंग कार्डाची देवाणघेवाण बोलणं झाल्यावर व्हायची. समोरचा काय विचारतोय, किती खोलात विचारतोय, हे कळल्यावर. ज्याला नुसता कॅटलॉग हवा असे तो थप्पीतून एक उचलून चालू लागे आणि त्याला कुणी हटकत नसे. म्हणजे कॅटलॉग घेणं आणि कार्ड देणं हे दोन वेगळे व्यवहार होते. डाउनलोडच्या फॉर्मने ते एकमेकांत अडकवले आणि क्रमही फिरवला. आता नंबर आधी. बोलणं नंतर, किंवा होतच नाही.

हे तंत्रज्ञानामुळे करावं लागतं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो समूहात तयार झाला, तो वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. त्याला स्कॅन करणाऱ्याच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यामागे थेट फाइल ठेवता येते आणि फॉर्मही ठेवता येतो. फॉर्म ठेवायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

ते का ठरवलं जातं, यात मला त्या माणसाबद्दल थोडी सहानुभूतीही वाटते. प्रदर्शन हा कंपनीच्या मोठ्या आणि हिशेब न लागणाऱ्या खर्चांपैकी एक. जागेचं भाडं, स्टॉलची उभारणी, मशीन नेणं-आणणं, वीजजोड, माणसांचा मुक्काम. परत आल्यावर वरून प्रश्न येतो, 'काय मिळालं?' याचं खरं उत्तर सहा-आठ महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी कळतं, कारण यंत्रसामग्रीची खरेदी तेवढ्याच सावकाशीने होते. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये 'दोन वर्षं थांबा' हे उत्तर चालत नाही. तिथे आकडा लागतो, आणि डाउनलोडचा फॉर्म तो आयता पुरवतो: इतक्या लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावं, आली. मार्केटिंगवाला सुटतो. यादी सेल्सच्या गळ्यात पडते. यादीत नेमकं कोण आहे, हे बघायला कुणी बसत नाही.

बसलं तर काय दिसेल? त्यासाठी प्रदर्शनात फिरतं कोण, ते पाहायला हवं. डिझाइनमधला इंजिनिअर असतो, त्याला एका पंपाच्या फ्लँजचं माप हवंय. मेंटेनन्सचा सुपरवायझर असतो, त्याच्याकडचा जुना व्हॉल्व्ह आता बनत नाही आणि याचा बसेल का, एवढंच त्याला बघायचंय. खरेदी विभागाचा अधिकारी असतो, तो तीन-चार स्टॉल फिरून तुलना करणार आणि मग कोटेशन मागवणार. एखाद्या कारखान्याची मालकीण असते. विद्यार्थी असतात, सल्लागार असतात, आणि प्रतिस्पर्धी कंपनीने धाडलेला माणूस तर असतोच.

आता यांतला फॉर्म कोण भरतो? विद्यार्थी भरतो, मनापासून, सगळे रकाने. नोकरीला नुकताच लागलेला इंजिनिअर भरतो. मालकीण स्वतः भरत नाही, सोबतच्या असिस्टंटला 'तुझा नंबर टाक' म्हणून सांगते. मेंटेनन्सचा सुपरवायझर हुद्द्याच्या ड्रॉपडाउनमध्ये स्वतःला शोधतो. तिथे 'संचालक', 'व्यवस्थापक', 'सल्लागार' असतात, तो नसतो, म्हणून 'इतर' निवडतो, आणि 'इतर' आलेल्यांना नंतर कुणी फोन करत नाही. खरं तर कुठला भाग घ्यायचा हे कारखान्यात पुष्कळदा तोच सुचवतो. खरेदी अधिकारी मोबाइलचा रकाना दिसताच मागे फिरतो. एकदा नंबर दिला की पुढे महिनाभर फोन थांबत नाहीत, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. आणि प्रतिस्पर्ध्याचा माणूस? तो भलतंच नाव आणि फुकट काढलेला ईमेल टाकून निवांत डाउनलोड करून घेतो.

गाळणी उलटी बसली आहे. जे राहायला हवेत ते निसटतात आणि ज्यांच्याकडून ऑर्डर येण्याची शक्यता सगळ्यांत कमी ते जमा होतात. ही गोष्ट फॉर्मचे रकाने कमी-जास्त करून सुधारत नाही, कारण दोष रकान्यांच्या संख्येत नाही. ज्याच्या होकाराला बाजारात किंमत असते तोच आपला नंबर जपून वापरतो, आणि नंबर जपणाऱ्याला दारातच थांबवणारी ही रचना आहे.

त्यात खोट्या नोंदी. दहा वेळा नऊ दाबून केलेला मोबाइल नंबर, 'टेस्ट' नावाचा ईमेल, 'अबक' नावाची कंपनी. यावर उपाय म्हणून ओटीपी आणला गेला. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात, लोखंडी छत वर, माणूस दोन रांगांच्या मधल्या वाटेत एका हातात पिशवी धरून उभा, आणि आपण त्याला सांगतो की सहा आकडे येईपर्यंत थांब. तो थांबत नाही. समोरच्या स्टॉलवर जातो.

मोबाइल नंबरबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण फॉर्म बनवणारे त्याला ईमेलच्याच रांगेत बसवतात. कंपनीचा ईमेल हा बहुतेकदा त्या नोकरीपुरता असतो. नोकरी सुटली की पत्ता बंद होतो आणि त्यावर येणारा मारा तिथेच संपतो. मोबाइल नंबर माणसासोबत जातो. त्याच नंबरावर त्याची बँक असते, घरचे असतात, डॉक्टर असतो. गॅस्केटची डेटाशीट वाचायला तो मागणं म्हणजे एका क्षुल्लक कामासाठी माणसाची सगळ्यांत टिकाऊ ओळख मागणं. फाइल पाठवायला नंबर लागतो का? नाही. मग तो मागायचं एकच कारण उरतं, फोन करता यावा. आणि ते कारण फॉर्मच्या वर लिहिलेलं नसतं.

इथे कायद्याचा विषय येतो. बऱ्याच प्रदर्शकांची समजूत असते की हे सगळं 'कंपनी ते कंपनी' आहे, व्यक्तिगत माहितीचे कायदे ग्राहकांसाठी असतात, आपल्याला लागू नाहीत. ही समजूत चुकीची आहे. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीचा कायदा, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, माणसाची ओळख पटवणाऱ्या माहितीबद्दल बोलतो; तो माणूस घरी आहे की कामावर, याने फरक पडत नाही. कंपनीचा सामाईक 'इन्फो' ईमेल सोडून द्या, पण नाव-आडनाव असलेला ऑफिसचा ईमेल ही व्यक्तिगत माहितीच. याच कायद्याच्या कलम ७ मध्ये म्हटलं आहे की संमती मोकळेपणाने दिली गेली का हे ठरवताना, सेवेसाठी गरज नसलेल्या माहितीच्या वापरावर ती सेवा अडवून ठेवली होती का, हे प्रामुख्याने पाहावं. डाउनलोडच्या फॉर्ममध्ये नेमकं हेच होतं. आधीच टिक केलेल्या चौकोनाचं म्हणाल तर युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी एका ऑनलाइन सोडतीच्या प्रकरणात निकाल देऊन सांगितलं की अशी टिक म्हणजे संमती नव्हे.

भारताचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असं म्हणतो, आणि ती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरतो. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. टेलिमेडिसिनचं ॲप वैद्यकीय सल्ल्यासोबत फोनमधली संपर्कयादी बघायची परवानगी मागतं आणि वापरणारी व्यक्ती दोन्हीला हो म्हणते; तरी तिची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही. यातला तर्क डाउनलोडला लावून पाहा. जाहिरातीच्या ईमेलांबद्दलचा अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा यामानाने फार सैल आहे, तो आधी संमती मागायलाच लावत नाही. पण तोही कंपन्यांना पाठवलेल्या जाहिरातींना सूट देत नाही, आणि 'नको' म्हणणाऱ्याचं नाव कामकाजाच्या दहा दिवसांत वगळायला सांगतो.

फॉर्मच्या आड फाइल ठेवणं सरसकट बेकायदा आहे, असा दावा मी करत नाही. फाइल ईमेलने पाठवायची आहे, तर ईमेल मागणं रास्तच. पण तो फाइल पाठवण्यापुरता. तेवढ्या हो मध्ये पुढच्या दोन वर्षांचे जाहिरातीचे मेल, वितरकाचा फोन आणि व्हॉट्सॲपवरच्या दिवाळीच्या शुभेच्छा कोंबता येत नाहीत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरावी, आणि गरजेपुरतीच घ्यावी, हे तत्त्व काही नव्या कायद्यांनी काढलेलं खूळ नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या १९८० च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे. क्यूआर कोडपेक्षा ते जुनं आहे.

माहिती घेताना तरी माणूस समोर असतो. पुढे तिचं काय होतं हे कुणालाच दिसत नाही. स्टॉलवरच्या भाड्याच्या टॅबलेटमधून ती एक्सेलमध्ये उतरते. एक्सेल सेल्सच्या ग्रुपवर जाते. तिथून विभागवार तुकडे होऊन वितरकांकडे. नोकरी सोडणारा सेल्सवाला आपली प्रत घेऊन जातो, आणि त्याच्या नव्या कंपनीत ती 'आमचे संपर्क' म्हणून दाखल होते. कुणी चोरी केली असं कुणालाच वाटत नाही. मूळ माणसाने मात्र फक्त एका गिअरबॉक्सचं ड्रॉइंग मागितलं होतं. यादी केव्हा पुसायची हे फॉर्म बनवताना ठरलेलं नसतं, म्हणून ती कधीच पुसली जात नाही.

प्रदर्शकाकडून येणारे दोन आक्षेप मला ऐकावेसे वाटतात. पहिला: 'सगळं मोकळं ठेवलं तर प्रतिस्पर्धी घेऊन जाईल.' तो आत्ताही नेतोच, ते वर आलं आहे. शिवाय जी गोष्ट प्रतिस्पर्ध्याला कळू नये ती माहितीपत्रकात छापायचीच कशाला? ज्यात खरी गुपितं आहेत ती कागदपत्रं वेगळी असतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: 'मग आम्हाला कळणार कसं, कुणाला रस आहे?' याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. कुठल्या मालात रस आहे हे नाव न विचारता कळतं. प्रत्येक उत्पादनाला वेगळा क्यूआर कोड द्या, प्रत्येक प्रदर्शनाला वेगळा द्या, आणि कुठला किती वेळा, दिवसाच्या कुठल्या प्रहरी उघडला याची मोजदाद ठेवा. मोठ्या मशीनपेक्षा कोपऱ्यातल्या सुट्या भागाचं पत्रक जास्त उघडलं जातंय, हे समजलं तर पुढच्या प्रदर्शनाची मांडणी बदलता येते. कुणाला रस आहे, हे मात्र त्या माणसानेच सांगायचं असतं. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर साधे दुवे द्यावेत: किंमत हवी, नमुना हवा, इंजिनिअरशी बोलायचं आहे. तिथे संपर्क मागा. तिथे तो खरा मिळतो, कारण खोटा दिला तर नुकसान देणाऱ्याचं होतं. अशी नावं थोडी येतील. सेल्सच्या दोन माणसांना आठवड्याभरात नीट बोलता येईल इतकी थोडी; आणि शेकडो नंबरांच्या यादीतल्या वीस-पंचवीस जणांना कसेबसे फोन लावून बाकीचे सोडून देण्यापेक्षा हे बरं.

याला अपवाद आहेत. निर्यात-नियंत्रणाच्या यादीतल्या उपकरणांची ड्रॉइंग कुणाच्या हाती जातात हे कंपनीला माहीत असायलाच हवं. गोपनीयतेच्या करारानंतरच द्यायच्या फाइली आहेत. मशीनच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, आहे. त्यात सुरक्षेचा दोष निघाला तर ज्यांनी ते घेतलं त्यांना कळवावं लागतं, तेव्हा तिथे ईमेल मागणं घेणाऱ्याच्याच हिताचं. उलट दुसऱ्या टोकाला अशा गोष्टी आहेत ज्यांच्यापुढे फॉर्म ठेवणं मला निव्वळ बेजबाबदारपणा वाटतो. रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं त्यांत पहिली. रसायनांविषयीच्या युरोपच्या रीच नियमावलीत तर पुरवठादाराने ती विनामूल्य द्यावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. सांडलेलं रसायन डोळ्यात गेलेल्या माणसासाठी कुणीतरी ते पत्रक शोधत असताना त्याला कंपनीची उलाढाल विचारायची?

आयोजकांविषयी मी आतापर्यंत बोललो नाही. खरं तर या सगळ्यात सगळ्यांत जास्त माहिती त्यांच्याकडे असते. प्रवेशासाठी नोंदणी करतानाच प्रत्येकाने नाव, कंपनी, नंबर दिलेला असतो, आणि गळ्यातल्या बॅजवर तो कोडमध्ये असतो. स्टॉलवरच्या माणसाने बोलणं झाल्यावर विचारून बॅज स्कॅन करणं ही जुन्या व्हिजिटिंग कार्डाची बऱ्यापैकी प्रामाणिक आवृत्ती आहे. विचारून, हे महत्त्वाचं. कारण वाटेत गाठून बॅजवर स्कॅनर धरणारेही असतात, आणि त्यांच्यामुळे अनुभवी लोक बॅज उलटा करून फिरतात. स्कॅन झालं म्हणजे माहिती प्रदर्शकाला द्यायला हरकत नाही, हे कलम प्रवेशाच्या अटींत कुठेतरी आत असतं; ते बॅजवरच ठळक छापायला किती जागा लागेल?

प्रदर्शकांसाठीची जाडजूड नियमपुस्तिका आयोजक काढतातच. स्टॉलची उंची किती, आवाजाची पातळी किती, रॅम्प कुठे, वायर कुठून न्यायची, अग्निशामक कुठे टांगायचा, सगळं त्यात असतं. त्यात डाउनलोडसाठी तीन ओळी घालता येतील: छापील स्वरूपात जे फुकट वाटलं असतं ते डाउनलोडलाही फॉर्मशिवाय द्यावं, संपर्क घेतला तर कशासाठी आणि केव्हापर्यंत हे त्याच पडद्यावर लिहावं, मोबाइल नंबर सक्तीचा नसावा. अडचण अशी, की लीड गोळा करायचं ॲप पुष्कळदा आयोजकच प्रदर्शकांना भाड्याने देतात आणि जितकी जास्त नावं जमतील तितकी पुढच्या वर्षीची जागा विकणं त्यांना सोपं जातं. तेव्हा त्यांच्याकडून ही सुरुवात होईल अशी मला फारशी आशा नाही.

सुरुवात प्रदर्शकच करू शकतात, आणि त्याला फार धाडस लागत नाही. चार दिवसांच्या प्रदर्शनात दोन दिवस फॉर्मचा कोड लावावा, दोन दिवस मोकळा. पहिला आणि तिसरा दिवस एकाला, दुसरा आणि चौथा दुसऱ्याला, म्हणजे गर्दीचा फरक थोडा कमी होईल. कोटेशनच्या विनंत्या येतील तेव्हा त्या कुठल्या कोडवरून उघडलेल्या फाइलमधून आल्या, याची नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी दोन्ही रकाने शेजारी मांडावेत, आणि 'काय मिळालं?' असं विचारणाऱ्या साहेबांसमोर ठेवावेत.